तेलात बुडवलेले सर्व्हर : प्रत्येक दुरुस्तीला अख्खी दुपार जाऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. वाळूच्या आणि कोळशाच्या बारीक धुळीने सर्व्हरचे पंखे टिकत नव्हते, म्हणून कास्टिंग सिम्युलेशनचे (साच्यात धातू कसा भरेल ते आधी संगणकावर बघायचे) चार सर्व्हर दीड वर्षापूर्वी मिनरल तेलाच्या टाकीत बुडवले. थंड छान राहतात. पण एक रॅम बदलायची म्हटली तर दोन माणसं, अख्खी दुपार आणि फरशीभर तेल. पोरं आता त्या खोलीत जायला टाळाटाळ करतात. मेंटेनन्स सोपा कसा करायचा? टाकीच बदलावी का? आणि तेल किती दिवसांनी बदलायचं?

टाकी बदलू नका. जो काही खर्च करायचा तो टाकीच्या वरच्या दोन फुटांत करा. तुमचा सगळा त्रास तिथे आहे.

आधी माझं सांगतो. मी मूळचा ट्रान्सफॉर्मरवाला; त्यातही वाइंडिंग असंच वीज न वाहणाऱ्या तेलात बुडवलेलं असतं. उद्यमनगरात वडिलांचं वाइंडिंगचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तेल गाळायच्या मशीनजवळ बसलेला असायचो. पुढे सर्व्हरच्या कामात आलो आणि बुडवलेले सर्व्हर पहिल्यांदा बघितले तेव्हा हसूच आलं. म्हटलं, हा तर आपला जुनाच धंदा, फक्त वाइंडिंगच्या जागी मदरबोर्ड. त्यामुळे मला तेलाची भीती वाटत नाही, पण त्याची खोड ठाऊक आहे. तेल सांगितलेल्या जागी राहत नाही.

तुम्ही लोक टाकीला आडवी रॅक समजून काम करताय, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. रॅकमध्ये सर्व्हर अर्धा बाहेर ओढायचा, झाकण काढायचं, रॅम बदलायची, परत ढकलायचा. तेलात तसं करायला गेलं की एक जण सर्व्हर धरून उभा, दुसरा कोपरापर्यंत तेलात, आणि पडलेला स्क्रू तळाशी. मी एकच नियम पाळतो : टाकीजवळ दुरुस्ती करायची नाही. टाकीतून काढायचं आणि टाकीत ठेवायचं, एवढंच तिथलं काम. दुरुस्ती टेबलावर, निवांत, सर्व्हर निथळल्यावर. आणि ज्याला वारंवार हात लागतो, त्या वस्तूला तेलाखाली जागाच द्यायची नाही.

दुसऱ्या भागापासून सुरुवात करू, कारण तो स्वस्त आहे. नेटवर्कचे जोड, पॉवरच्या पिना, कन्सोल, फायबरचे मॉड्यूल हे सगळं तेलाच्या पातळीच्या वर हवं. फायबरचं तर सक्तीने. या मॉड्यूलमध्ये (ट्रान्सीव्हरमध्ये) प्रकाश जिथून जातो त्या फटीत तेल शिरलं की सिग्नल बिघडतो. टाकीच्या आत तांब्याची डॅक केबल (दोन्ही टोकांना जोड बसवूनच येणारी) वापरा, फायबर बाहेरच्या स्विचपासून पुढे. सर्व्हर उभे टांगलेले असतील आणि त्यांची मागची बाजू वर असेल तर अर्धं काम झालंच. आडवे झोपवलेले असतील तर पुढच्या शटडाउनला उभे करून घ्या. उभं करताना हीटसिंकच्या (चिपवरच्या, उष्णता घालवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्या खालून वर जातील अशाच राहू द्या, म्हणजे गरम तेलाला वर चढायला वाट मिळते.

आता केबल. इथे जरा थांबतो, कारण फरशीवरचं निम्मं तेल तुम्ही सांडलेलं नसून केबलने आणलेलं असणार. माझ्या पहिल्याच टाकीत मी नेटवर्क स्विच टाकीशेजारच्या कपाटात, तेलाच्या पातळीपेक्षा खाली ठेवला होता. तीन आठवड्यांनी स्विचच्या एका पोर्टमधून तेलाचा थेंब लोंबताना दिसला. टाकीला कुठेही गळती नाही, केबल बाहेरून कोरडी ठाक. केबल कापून बघितली तर आत, तांब्याच्या बारीक तारांच्या मधून तेल चढलं होतं. समईत वात जशी तेल ओढते, तसंच. शिवाय केबल काठावरून वर जाऊन पातळीपेक्षा खाली उतरत असेल तर सायफन लागतो आणि ठिबक थांबतच नाही. टाकी रिकामी होणार नाही, पण महिन्याला वाटीभर तेल बाहेर येतं आणि पोरांना वाटतं टाकी फुटली.

यावर उपाय सोपा आहे. तेलातून बाहेर येणारी कुठलीही केबल अखंड ठेवायची नाही. टाकीच्या काठाच्या आतल्या बाजूला, पातळीपेक्षा चार बोटं वर, एक पत्र्याची पट्टी मारून घ्या आणि तिच्यावर जोडणीचे कपलर बसवा. तेलातली छोटी केबल खालून येऊन तिथे संपेल, बाहेरची कोरडी केबल तिथून सुरू होईल. तार तुटली की वात तुटली. जे काय थोडं वर येईल ते पट्टीवरून टाकीतच परत ठिबकेल. याचा दुसरा फायदा असा की सर्व्हर उचलायचा झाला तर फक्त वरचे जोड काढायचे. खाली हात घालायची गरज नाही, ओली केबल खोलीभर ओढत न्यायची नाही.

आतली छोटी केबल पीव्हीसीची नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं ते तेल हळूहळू ओढून घेतं. वर्ष-दोन वर्षांत केबल कडक होते आणि वाकवली की तडकते. तुमची दीड वर्षं झालीत. एखादी जुनी केबल जरा वाकवून बघा, काय म्हणतोय ते कळेल. टेफ्लॉन जातीच्या इन्सुलेशनला ही अडचण येत नाही. महाग पडतं, पण चार सर्व्हरना फूटभराच्या केबली किती लागणार?

आता उचलणं. साधारण सर्व्हर २० ते २५ किलोचा, वर त्यात अडकलेलं तेल. दोन माणसांनी हाताने, ओशट बोटांनी, कमरेत वाकून हे करायचं म्हणजे आज ना उद्या कुणाची तरी पाठ जाणार, नाहीतर सर्व्हर खाली जाणार. तुम्ही फाउंड्रीवाले, तुमच्याकडे शेकडो किलोचे साचे उचलायची सोय आहे आणि इथे हाताने काय करताय? टाकीवर एक छोटी गॅन्ट्री, म्हणजे वजन उचलायची चौकट, करून घ्या. शिरोलीतला कुठलाही फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देईल. फक्त चेन ब्लॉक लावू नका. त्याच्या साखळीवर ग्रीस आणि धूळ असते आणि ती नेमकी उघड्या टाकीवर झडते. स्टेनलेसच्या वायर रोपचा हाताने फिरवायचा छोटा विंच चांगला. सर्व्हरच्या चेसिसला (बाहेरच्या पत्र्याच्या पेटीला) वरच्या बाजूला दोन कान कायमचे बोल्टने बसवा, म्हणजे दर वेळी पट्टा कुठे अडकवायचा हा वाद नको.

सर्व्हर वर आला की तो बाजूला न्यायची घाई करू नका. टाकीच्या दोन्ही काठांवर अँगलचे दोन आडवे बार टाका, सर्व्हर त्यांच्यावर टेकवा, एक कोपरा खाली राहील असा तिरका, आणि निथळू द्या. गुऱ्हाळात काहिलीतून काढलेला झारा काहिलीवरच धरतात, अंगणात फिरवत नाहीत. तसंच हे.

निथळायला किती वेळ लागेल हे तेलाच्या तापमानावर आहे. ट्रान्सफॉर्मर तेलाच्या मानकात ४० अंशांना घट्टपणा १२ सेंटिस्टोकच्या आत मागितलेला असतो. तेच तेल २० अंशांवर जवळपास दुप्पट घट्ट होतं. म्हणून रात्रभर बंद ठेवून सकाळी थंडगार सर्व्हर काढणं चुकीचं. लोक सुरक्षित म्हणून तसं करतात आणि मग तासभर ठिबक बघत बसतात. सर्व्हर कामावर असताना, तेल ४०-४५ अंशांवर असताना बंद करा. मुख्य पॉवरची पिन वरच्या पट्टीवरून काढा. पॉवर सप्लायच्या पोटातल्या कॅपॅसिटरवर चारशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतो, तो उतरायला दहा मिनिटं द्या आणि मग लगेच उचला. माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत सर्व्हर टेबलावर न्यायच्या लायकीचा होतो.

तरीही पाव लिटर तेल आत राहतं आणि टेबलावर नेल्यावर भसकन बाहेर येतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. कारण चेसिस हवेसाठी बनवलेली असते. तिच्या कोपऱ्यात तेल साठायला खिसे असतात. सर्व्हर ज्या कोपऱ्यावर तिरका धरता, त्या कोपऱ्यात आठ मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून घ्या. पण बोर्ड, पॉवर सप्लाय, सगळं बाहेर काढून, रिकाम्या चेसिसला. आणि भोकाच्या कडेला उरलेला धातूचा बर काढून, धुऊन, हात फिरवून. लोखंडाचा कीस तेलात गेला तर पंप तो टाकीभर फिरवतो आणि एखाद्या दिवशी तो चिपच्या दोन पायांमध्ये जाऊन बसतो. पंपाच्या आधीच्या गाळणीत एक मजबूत चुंबक टाकून ठेवा. फाउंड्रीच्या आवारात तर हवाच. चार महिन्यांनी काढून बघा, त्याला काय चिकटलंय ते बघून तुम्हीच खोलीच्या दाराला रबर लावून घ्याल.

टाकीजवळ कॉटन वेस्ट आणू देऊ नका. मशीन शॉपच्या सवयीने पोरं तेच घेऊन येतात. त्याचे धागे तेलात पडतात, ओलावा धरतात, आणि ओला धागा विजेला पूल बांधून देतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल कमजोर होण्याचं ते जुनं कारण आहे. धागे न सुटणारं कापड वापरा. फरशीवर सांडलं तर वाळू टाकायची तुमच्याकडे पद्धत असेल, तीही या खोलीत नको. टाकीखाली काठ असलेला पत्र्याचा ट्रे आणि भोवती भोकांची रबरी मॅट एवढं केलं की पोरं घसरणार नाहीत, आणि खोलीत जायला तयारही होतील.

पाचवा सर्व्हर घ्या. हे ऐकून मालक मंडळी तोंड वाकडं करतात, पण अख्खी दुपार जाण्यावर उत्तर हेच आहे. नवा महागडा नको, त्याच मॉडेलचा वापरलेलाही चालेल. तो तयार करून कोरडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवायचा : पंखे काढलेले, आतली केबल बदललेली, कान बसवलेले. एखादा बिघडला की तो काढायचा, निथळायला टाकायचा, त्याच्या जागी हा सोडायचा. सोडताना हळू, बोटभर बोटभर, म्हणजे हवा बाहेर पडते. सोडल्यावर अर्धा तास चालू करू नका. हीटसिंकखाली अडकलेले बुडबुडे वर यायला वेळ लागतो. बिघडलेला सर्व्हर मग सवडीने, उद्या परवा, टेबलावर. रॅम बदलायला पाच मिनिटंच लागतात, बाकी सगळी तयारी असते. ओल्या स्लॉटमध्ये रॅम बसवायला हरकत नाही, पण स्लॉट साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तेलाचा फवारा होतो आणि फाउंड्रीच्या हवेत तेलासोबत पाणीही असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने मिनरल तेल धड निघत नाही, त्यात वेळ घालवू नका.

सर्व्हर तयार करताना तीन-चार गोष्टी आत्ताच बघून घ्या, नाहीतर दर वर्षी तोच उद्योग. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली साधी थर्मल पेस्ट तेल हळूहळू धुऊन नेतं. तापमान महिन्यामहिन्याने एकेक अंश चढत असेल तर तेच कारण समजा. इंडियमचा पातळ पत्रा घाला. तो मऊ धातू आहे, दाबला की बसतो आणि विरघळत नाही. पंखे काढल्यावर काही बोर्ड पंखा सापडत नाही म्हणून चालूच होत नाहीत. बायोसमध्ये (बोर्ड चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) सोय असेल तर ठीक, नसेल तर पंख्याचा खोटा सिग्नल देणारा छोटा बोर्ड मिळतो. साध्या हार्ड डिस्कला हवेचं छिद्र असतं, ती तेलात घालू नका. एसएसडीला काही होत नाही.

आणि लेबलं. कागदी स्टिकरचा गोंद तेलात सुटतो, स्टिकर तरंगत जाऊन गाळणीत अडकतो, आणि कुठला सर्व्हर कुठला हे कुणाला सांगता येत नाही. बुडवण्याआधी प्रत्येक सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. सर्व्हरच्या कानाला अॅल्युमिनियमची नंबर ठोकलेली पट्टी लटकवा. टाकीत लाइट दिसत नाहीत म्हणून कुठला बिघडला हे शोधायला झाकण उघडायची वेळ येऊ नये. बोर्डावरचा मॅनेजमेंट पोर्ट जोडलेला हवा. तिथून कुठल्या स्लॉटची रॅम गेली हे खुर्चीत बसून कळतं. ज्यांनी तो जोडला नाही, अशी निदान तीन ठिकाणं मी बघितली आहेत.

दोन ठिकाणी तुम्हाला कुणीतरी वेगळा सल्ला देईल म्हणून सांगून ठेवतो. एक म्हणजे उकळणाऱ्या द्रवाची टाकी. तो द्रव पन्नास-साठ अंशांवर उकळतो, बोर्ड बाहेर काढला की कोरडा निघतो, दिसायला जादू. पण झाकण उघडलं की महाग वाफ उडून जाते. शिवाय त्या जातीची रसायनं बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केलं की २०२५ अखेर ते उत्पादनच बंद करणार. चार सर्व्हरसाठी त्या वाटेला जाऊ नका. दुसरं म्हणजे टाकीतलं तेल दर वेळी पंपाने उपसून मग हात घालायचा. १९८५ च्या क्रे-२ सुपरकॉम्प्युटरला द्रव बाजूला काढून घ्यायची सोय होती, कारण त्याचे बोर्ड एकमेकांत गच्च गुंफलेले होते. तुमचे सर्व्हर सुटे आहेत. टाकीतलं, समजा चारशे लिटर, तेल उपसण्यापेक्षा एक सर्व्हर उचलणं सोपं.

आता तेल. आधी पातळी. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर कमी करा. चारशे लिटर तेल २५ अंशांनी तापलं की साधारण साडेसात लिटर फुगतं, आणि सर्व्हर सोडताना त्याच्या आकाराचं तेल वर येतं ते वेगळं. फुगणं-आकसणं म्हणजे टाकी श्वास घेते. जुलैत आपल्याकडे पावसाची झड लागलेली असताना बाहेरची हवा म्हणजे निम्मं पाणीच. म्हणून झाकण गॅस्केटने बंद, आणि श्वासाला एकच वाट : ट्रान्सफॉर्मरला असतो तसा सिलिका जेलचा ब्रीदर. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. हजार-दीड हजारांत येतो, आणि बुडवलेल्या सर्व्हरवाल्यांपैकी फार थोड्यांनी तो लावलेला दिसतो, कारण ते कॉम्प्युटरवाले असतात. पावसाळ्यात झाकण उघडायचंच झालं तर तेल गरम असताना उघडा. गरम तेलावर दव धरत नाही. थंड पडलेली टाकी उघडली की धरतं.

पाण्याने तेल थंड करणारा प्लेट एक्स्चेंजर असेल तर आजच दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज बघा. तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त हवा. उद्या प्लेटला भोक पडलं तर तेल पाण्यात जाईल, कूलिंग टॉवरवर तवंग दिसेल, तुम्हाला कळेल. उलटं असेल तर पाणी गुपचूप टाकीच्या तळाशी जाऊन बसेल, कारण ते मिनरल तेलापेक्षा जड. म्हणून नमुना नेहमी तळाच्या कॉकमधून घ्यायचा.

तेल बदलण्याचं कॅलेंडर नसतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेच तेल गाळून गाळून दशकं चालतं, तुमची टाकी तर त्याच्यापेक्षा थंड असते. सहा महिन्यांनी नमुना ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये द्या : अडीच मिलिमीटरच्या फटीवर किती किलोव्होल्टला ठिणगी पडते, आम्लता किती, पाणी किती. नवं, न गाळलेलं तेल निदान ३० किलोव्होल्ट धरतं, गाळून वाळवलेलं ७० पर्यंत न्यावं असं मानक सांगतं. तुमच्या बोर्डावर १२ व्होल्ट, त्याला एवढं लागत नाही. पण आकडा दर वेळी खाली येत असेल तर ओलावा किंवा धागे येतायत आणि ते कुठून हे शोधायला हवं. तेल बदलायची वेळ आणतात ते गोंद, पेस्ट आणि पीव्हीसीतून सुटलेला माल. तो बंद केला की तेल गाळून पुरतं.

भर घालायची असेल तर मात्र उतरवलेलं जुनं ट्रान्सफॉर्मर तेल कुणी फुकट देत असलं तरी घेऊ नका. काही तेलांतलं गंधक तांब्याला आणि चांदीला धरतं. चांदीकामाच्या हुपरीत कुणालाही विचारा, चांदी कशाने काळी पडते ते. काही बोर्डांच्या पॅडवर चांदीचा पातळ मुलामा असतो.

आणि कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक दाराबाहेर लावा, आत नको. टाकी उघडी असताना हीट गन, सोल्डरिंग आणि वेल्डिंग त्या खोलीत नाही. गॅन्ट्रीचं वेल्डिंग बाहेर करून आणा, आत फक्त बोल्ट.

पहिला नमुना या आठवड्यातच घ्या. एक पारदर्शक काचेची बाटली लॅबला, दुसरी तारीख टाकून कपाटात, अंधारात. पुढच्या वर्षीची बाटली तिच्याशेजारी उजेडात धरली की रंगावरून बरंचसं तुम्हालाच कळेल.